अँटीसायकोटिक औषधांमुळे होणारे हालचालींचे त्रास: घरच्यांनी काय पाहायचं, काय करायचं

अँटीसायकोटिक, म्हणजे भास-भ्रम कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे मान वाकडी होते, पाय स्वस्थ राहत नाहीत, हात थरथरतात, तोंड आपोआप हलत राहतं. हे चार वेगवेगळे त्रास आहेत. घरात मात्र चारही एकाच नावाने खपतात, 'गोळीचा साइड इफेक्ट'. उपायही एकच ठरलेला असतो: ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे आपण जिला पॅसिटेन किंवा टीएचपी म्हणतो ती गोळी. घोळ इथेच होतो. पहिल्या त्रासात ती कामाची, दुसऱ्यात बहुधा निरुपयोगी, तिसऱ्यात उपयोगी पण जपून, आणि चौथ्यात ती उलटी पडू शकते. म्हणून आधी त्रास ओळखायचा, मग उपायाचं बोलायचं.

माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियाचा शुभार्थी, म्हणजे त्या आजारासोबत जगणारा, आहे आणि मी त्याचा शुभंकर, म्हणजे त्याची काळजी वाहणारा. ओपीडीत आपल्या वाट्याला येणारी मिनिटं थोडी असतात, बाकीचे चोवीस तास आपण बघत असतो. त्या बघण्याचं डॉक्टरांच्या उपयोगी पडेल अशा माहितीत रूपांतर कसं करायचं, तेवढ्यासाठी हा लेख. औषधाचा डोस ठरवणं, बदलणं, थांबवणं हे डॉक्टरांचंच काम.

हे होतं कशामुळे

या वर्गातलं पहिलं औषध क्लोरप्रोमाझिन. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये जाँ डिले आणि पिएर डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना द्यायला सुरुवात केली. थोड्याच वर्षांत लक्षात आलं की भास-भ्रम कमी होतात, पण काही जणांची चाल आणि चेहरा कंपवाताच्या रुग्णासारखा दिसू लागतो. ही औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या ग्राहकांवर (रिसेप्टरवर) जाऊन बसतात. भास-भ्रमांशी संबंधित भागात डोपामिनचा जोर कमी व्हावा हा हेतू असतो, पण हालचालींची लय सांभाळणाऱ्या भागालाही डोपामिनच लागतं आणि औषधाला दोन्हींत फरक करता येत नाही. मेंदूच्या स्कॅनवरच्या अभ्यासांतून साधारण असं दिसलं की बहुतेक औषधांचा गुण यायला सुमारे ६५ टक्के ग्राहक अडवावे लागतात आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेलं की हालचालींचे त्रास वाढतात. मधली पट्टी अरुंद आहे. अर्धी गोळी कमी केल्याने माणूस मोकळा झाला, असं कधी कधी होतं ते त्यामुळे.

औषधागणिक फरक मोठा आहे. हॅलोपेरिडॉल, फ्लुफेनाझिन यांच्यात धोका जास्त. रिस्पेरिडोनमध्ये डोस वाढेल तसा वाढत जातो. ओलांझापिनमध्ये कमी (पण वजन आणि साखर सांभाळावी लागते). क्वेटियापिन आणि क्लोझापिनमध्ये सर्वांत कमी. अॅरिपिप्राझोलने माणूस ताठरत नाही सहसा, पण पायांची बेचैनी त्यात बऱ्याच जणांना होते. 'नवीन औषध आहे, याला साइड इफेक्ट नाहीत' असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि लक्ष ठेवणं चालूच ठेवा.

पायरी १: पहिली गोळी घेण्याआधी

मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा. खुर्चीवर बसलेला माणूस, हात पुढे केलेले, मग उठून दहा पावलं चालणं आणि वळणं. शुभार्थीला विचारून, तो कशासाठी आहे ते सांगून. तीन महिन्यांनी 'हा आधीही असाच चालायचा का?' असा वाद घरात निघेल, तेव्हा हा व्हिडिओ निकाल देतो.

मग चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी करा. सगळ्या म्हणजे अॅसिडिटीच्या गोळीसकट. आपल्याकडे रॅबेप्राझोल किंवा पँटोप्राझोलच्या जोडीने लेव्होसल्पिराइड असलेल्या कॅप्सूल सर्रास मिळतात, आणि लेव्होसल्पिराइड हे याच कुळातलं औषध आहे. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठीचं प्रोक्लोरपेराझिन हीसुद्धा डोपामिनच अडवतात. मेटोक्लोप्रामाइडच्या दीर्घ वापराबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्येच वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडे सत्तरीची आई वर्षानुवर्षं 'गॅसची कॅप्सूल' घेत असते, हात थरथरायला लागतात आणि सगळे म्हणतात वय झालं. वेष्टनावरचं बारीक अक्षर वाचा, वाचता येत नसेल तर औषधाच्या दुकानात विचारा.

कुटुंबात कुणाला कंपवात आहे का, शुभार्थीला पूर्वी एखाद्या इंजेक्शनने मान आखडली होती का, दमा किंवा काचबिंदू आहे का, हेही सांगून ठेवा. दमा आणि काचबिंदूचा संबंध पुढे येईल. वयस्कर माणसाला विसरभोळेपणाबरोबर माणसं किंवा प्राणी दिसण्याचे भास होत असतील तर ते आवर्जून सांगा. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकारात ही औषधं अगदी थोड्या मात्रेतही फार जड जातात.

पायरी २: पहिला आठवडा, मान आणि डोळे

स्नायू अचानक आखडून वेडेवाकडे ओढले जाणं, याला डिस्टोनिया म्हणतात. बहुतेक वेळा औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांतच होतो. तरुण मुलांमध्ये, त्यातही हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननंतर, जास्त.

दिसतं ते भयंकर. जेवताना मान एका खांद्याकडे वळते आणि सरळ होत नाही. किंवा डोळ्यांची बुबुळं वर छताकडे जाऊन तिथेच अडकतात. जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, बोलणं बोबडं होतं. मुलगा पूर्ण शुद्धीवर असतो, घाबरलेला असतो, त्याला सगळं ऐकू येत असतं. आणि भोवती जमलेल्यांपैकी एक म्हणतो फिट आली, दुसरा लकवा, तिसरा धनुर्वात, आणि एखादी आजी म्हणते अंगात आलं. कांदा हुंगवणं, चप्पल हुंगवणं, लिंबू उतरवणं यात तास जातो.

करायचं एवढंच: मान जबरदस्तीने सरळ करू नका, तोंडात चमचा घालू नका, गोळ्यांची पाकिटं आणि चिठ्ठी उचला आणि जवळच्या दवाखान्यात जा. तिथे पहिल्याच वाक्यात सांगा, 'हा अमुक औषधावर आहे, अमुक दिवशी सुरू केलं.' प्रोमेथाझिनचं (फेनरगन म्हणून ओळखतात ते) किंवा तशा दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं की बहुधा अर्ध्या तासाच्या आत मान सुटते. त्यानंतर काही दिवस तोंडाने ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, कारण मूळ औषध अंगात अजून शिल्लक असतं आणि आखडणं परत येऊ शकतं. घशातून घरघर, आवाज बसणं, श्वास अडकणं असं काही झालं तर वाट न बघता १०८ला फोन करा. क्वचित होतं, पण जीवावर बेतू शकतं.

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. बऱ्याच घरांत शुभार्थी औषध नाकारतो म्हणून ते वरणात, चहात मिसळून देतात. त्यामागची हतबलता मला कळते. पण अशा माणसाची मान वळली तर त्याला कारणच ठाऊक नसतं, आणि घरचे त्याच्यासमोर डॉक्टरांना खरं सांगायला कचरतात. मग मेंदूचा स्कॅन, फिटची औषधं अशी गाडी भलतीकडेच जाते. चोरून औषध देण्याची वेळ आलीच असेल तर निदान आणीबाणीच्या डॉक्टरला बाजूला घेऊन खरं सांगा. आणि लपवून देणं थांबावं म्हणून मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

पायरी ३: पहिले काही आठवडे, न बसवणारे पाय

चौघांत सर्वांत फसवा त्रास हा. नाव अकाथिसिया. औषध सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत सुरू होतो. माणूस बसतो, उठतो, गॅलरीपर्यंत जातो, परत येतो. उभा असेल तर जागच्या जागी पाय बदलतो. बसला तर गुडघे हलवतो, मांडीवर मांडी टाकतो, काढतो.

भावाच्या बाबतीत आम्हाला आधी काय दिसलं, तर ताटावरून उठणं. पहिली पोळी संपायच्या आत तो उठायचा, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन यायचा, बसायचा, दोन घास खायचा आणि परत उठायचा. वडील म्हणायचे, 'नीट बस की.' तो म्हणायचा, 'बसतोय ना,' आणि उठलेला असायचा. विचारल्यावर त्याला धड सांगता यायचं नाही. 'आतून कसंतरी होतं' एवढंच. हीच तऱ्हा असते. कुणी म्हणतं जीव वर-खाली होतो, कुणी म्हणतं पायात काहीतरी वळवळतं, कुणी म्हणतं कातडी काढून ठेवावीशी वाटते.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आजार उसळला. घरचे डॉक्टरांना तसंच सांगतात, 'फार चिडचिड करतो, येरझारा घालतो.' ऐकणाऱ्यानेही तसंच धरलं तर डोस वाढतो, आणि डोस वाढला की बेचैनी आणखी वाढते. हे चक्र तोडायला चार प्रश्न पुरतात, शांतपणे, दिवसा विचारलेले:

अस्वस्थ मनाला वाटतंय की पायांना? चाललं की जरा बरं वाटतं का? ही गोळी सुरू व्हायच्या किंवा वाढायच्या आधी असं होत होतं का? एका जागी बसून बातम्या बघता येतात का?

पाय, चालल्यावर आराम, आणि गोळीनंतरची सुरुवात, हे तिन्ही जुळलं तर डॉक्टरांना 'चिडचिड' हा शब्द न वापरता 'बसवत नाही' असं सांगा. पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबू नका, त्याच आठवड्यात कळवा. हा त्रास काही जणांना इतका असह्य होतो की ते औषध टाकून देतात, आणि काहींच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात. तसं एक वाक्य जरी कानावर आलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा, माणसाला एकटं सोडू नका.

उपाय म्हणून डॉक्टर डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा प्रोप्रॅनोलॉल जोडतात. दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, म्हणून दम्याचं आधी सांगायचं. काहींना थोड्या काळापुरतं क्लोनाझेपाम किंवा मर्टाझापिन देतात. ट्रायहेक्सिफेनिडिलचा इथे फारसा उपयोग होताना दिसत नाही. आणि हो, चहा-कॉफीचा मारा कमी करून बघा. त्याने मूळ त्रास जात नाही, पण भर पडायची थांबते.

पायरी ४: पहिले काही महिने, मंदावलेला माणूस

चेहऱ्यावरचे भाव पुसले गेल्यासारखे दिसतात, पावलं छोटी पडतात, चालताना हात हलत नाहीत. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, सही बारीक होते, सकाळी उशीवर लाळेचा डाग दिसतो. हा औषधजन्य पार्किन्सनिझम. आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत दिसू लागतो, वयस्करांत, त्यातही स्त्रियांत, जास्त.

याला लोक आळस म्हणतात, डिप्रेशन म्हणतात, किंवा आजाराचाच भाग समजतात. मनगट सैल सोडायला सांगून तुम्ही हळूच गोल फिरवून बघा. दातेरी चाकासारखं अडत अडत फिरलं तर तो आळस नव्हे. नेहमीचा कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो, हा बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी एकदम येतो, पण हा फरक पक्का नाही. निदान डॉक्टरांवर सोडा. लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट चालू असेल तर नुसती थरथर त्यानेही होते, म्हणून औषधांची यादी पुन्हा एकदा समोर ठेवायची.

डोस कमी केला किंवा औषध बदललं की बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरतो. तोवर बाथरूममध्ये ओली फरशी आणि घरात सैल चपला नकोत. ही माणसं पटकन पडतात.

इथे ट्रायहेक्सिफेनिडिल उपयोगी पडतं, मात्र ते जन्मभराचं औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच म्हटलं होतं की अशी औषधं सरसकट, त्रास होण्याआधीच, देऊ नयेत. आपल्याकडे रिस्पेरिडोन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल एकाच गोळीत मिळतं, त्यामुळे कित्येकांना आपण ते घेतोय हेच ठाऊक नसतं. तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, जवळचं अंधुक दिसणं, विसरभोळेपणा हे त्याचे भोग. काचबिंदू असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. शिवाय त्याने घाम कमी येतो. विदर्भात, खानदेशात मे महिन्यात भर दुपारी शेतावर किंवा बांधकामावर जाणाऱ्या शुभार्थीला उष्माघाताचा धोका त्यामुळे वाढतो. उन्हाळ्याच्या तोंडावर 'ही गोळी अजून लागते का?' एवढं विचारून घ्या. स्वतःहून एकदम बंद मात्र करू नका.

पायरी ५: पुढची वर्षं, तोंड, जीभ आणि बोटं

टार्डिव्ह डिस्किनेशिया उशिरा येतो. काही महिने, बहुधा काही वर्षं औषध घेतल्यावर ओठ आपोआप हलू लागतात, काही न खाता चघळल्यासारखं तोंड चालतं, जीभ आतल्या आत वळवळते, हाताची बोटं पेटी वाजवल्यासारखी हलतात. झोपेत सगळं थांबतं. ताणात वाढतं. बऱ्याचदा ज्याचं त्याला कळतच नाही. लग्नकार्यात कुणी पाहुणा विचारतो तेव्हा घरच्यांचं लक्ष जातं.

जुन्या औषधांवर असलेल्या प्रौढांपैकी दरवर्षी साधारण १०० जणांत ५ जणांना हा सुरू होतो, वयस्करांत कितीतरी जास्त. नव्या औषधांत प्रमाण कमी आहे, शून्य नाही. लवकर पकडला तर मागे फिरण्याची शक्यता बरी असते, जुना झाला की सहसा हटत नाही. म्हणून तपासणी नियमाने. डॉक्टर त्यासाठी एम्स (AIMS, रुग्णालयाशी संबंध नाही) नावाची मोजपट्टी वापरतात, १९७६ची, आणि तिच्यावरून घरीही बघता येतं. दर तीन महिन्यांनी, उजेडात:

बिनहाताच्या खुर्चीवर बसवा, चपला काढायला सांगा. तोंडात सुपारी, तंबाखू, गोळी काही नाही ना ते बघा. कवळी असेल तर ती सैल होऊन त्रास देतेय का ते विचारा, कारण सैल कवळीनेही तोंड हलतं. हात गुडघ्यांवर, एक मिनिट नुसतं बसू द्या. मग तोंड दोनदा उघडायला सांगा, जीभ बाहेर काढायला सांगा. नंतर एका हाताच्या अंगठ्याने प्रत्येक बोटाला भराभर टिचक्या मारायला सांगा, दहा-पंधरा सेकंद. पण तुम्ही त्या हाताकडे बघू नका, चेहऱ्याकडे बघा. लक्ष बोटांत गुंतलं की दाबून धरलेली ओठांची हालचाल वर येते. मग उभं राहणं, हात पुढे, थोडं चालणं. काही दिसलं तर व्हिडिओ आणि तारीख.

इथे तीन गोष्टी उलट्या चालतात. ट्रायहेक्सिफेनिडिलने हा त्रास वाढू शकतो. मूळ औषधाचा डोस वाढवला तर काही काळ हालचाल दबते, आणि आपण समजतो बरं झालं. डोस कमी केला किंवा एकदम थांबवला तर काही दिवस ती वाढलेली दिसते. म्हणून इथे घरगुती प्रयोग मुळीच नकोत. डॉक्टर क्वेटियापिन किंवा क्लोझापिनकडे वळवण्याचा विचार करतात (क्लोझापिनला रक्ताच्या तपासण्या नियमित लागतात). खास या त्रासासाठी व्हॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन या औषधांना अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्यांच्या आधीचं टेट्राबेनाझिन आपल्याकडे मिळतं. त्याने उदासी येऊ शकते, तेवढं लक्षात ठेवायचं.

ताप आणि ताठरपणा एकत्र आले तर

खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ, दरदरून घाम, भान हरपल्यासारखं बोलणं, रक्तदाब वर-खाली. हा न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम असू शकतो. दुर्मीळ आहे, जीवघेणा आहे. पुढची गोळी देऊ नका, सगळी पाकिटं घेऊन थेट मोठ्या रुग्णालयात जा. 'व्हायरल असेल, उद्या बघू' असं इथे चालत नाही.

पायरी ६: ओपीडीत काय सांगायचं

कागदावर लिहून न्या. चार ओळी पुरतात. उदाहरणार्थ:

'रिस्पेरिडोन ४ मिग्रॅ., ३ तारखेपासून ६ मिग्रॅ. ९ तारखेपासून एका जागी बसवत नाही, चालल्यावर बरं वाटतं. आधी असं नव्हतं. भास कमी आहेत, झोप पाच तास. सोबत अॅसिडिटीची कॅप्सूल (पाकीट आणलं आहे). सिगारेट महिनाभर बंद.'

शेवटच्या वाक्याचं आश्चर्य वाटेल. सिगारेट-बिडीच्या धुरामुळे शरीर ओलांझापिन आणि क्लोझापिन लवकर संपवतं. धूम्रपान एकदम सुटलं तर त्याच डोसात रक्तातलं प्रमाण वाढतं. उदासीसाठी दिलेलं फ्लुओक्सेटिन रिस्पेरिडोनचं प्रमाण वाढवतं. म्हणून सवय सुटली, दुसरं औषध जोडलं, तर तारखेसह सांगायचं.

पंधरवड्याचं किंवा महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर एक वेगळं भान हवं. गोळी थांबवता येते, इंजेक्शन काढून घेता येत नाही, त्यामुळे त्याचा त्रास उतरायला कित्येक आठवडे लागू शकतात. पुढच्या तारखेला सुई टोचायच्या आधी सांगा, टोचून झाल्यावर नव्हे.

साइड इफेक्टबद्दल विचारलं की काही डॉक्टर वैतागतात, 'गूगल वाचून आलात का?' म्हणतात. तरी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची आणि त्यांच्या दुष्परिणामांची माहिती मिळण्याचा हक्क शुभार्थीला दिला आहे. आवाज न चढवता, कागद पुढे सरकवून विचारलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. आणि शुभार्थी सोबत असेल तर त्याच्या डोक्यावरून बोलू नका. पाय त्याचे आहेत, कसं वाटतं ते त्यालाच आधी सांगू द्या.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं असं वाटलं तर टेलिमानस १४४१६ वर चोवीस तास फोन लागतो, मराठीतूनही बोलता येतं. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद सरकारकडे करायची असेल तर १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे. तिथे रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः तक्रार नोंदवू शकतात, डॉक्टरांनीच करावी असं नाही. फोन करताना औषधाचं पाकीट हाताशी ठेवा, बॅच क्रमांक विचारतात.